प्रार्थना करून विकलेली म्हैस

आमच्या मंडळीच्या पंचानं मला फसवलं. गाभण राहिली की अंग, म्हणजे गर्भाची पिशवी, बाहेर टाकणारी म्हैस त्यानं निर्दोष म्हणून मला विकली, मी ती माझ्या शब्दावर लिंबागणेशच्या एका बाईला विकली, आणि बदनाम झालो तो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे रडणं, गाणं, गळाभेटी असं बरंच येणार आहे, आणि त्यात मूळ गोष्ट हरवते. आमच्या मंडळीत ती हरवलीच.

मी जनावरांचा व्यापारी. चौसाळ्याच्या अलीकडे हायवेला लागून घर, मागे गोठा, दारात स्वतःचा टेम्पो. बाप सालगडी होता. शाळा सुटली तेव्हापासून मी दुसऱ्यांची जनावरं दाव्याला धरून पायी बाजाराला न्यायचो. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव कसा ठरवतात ते तिथंच शिकलो. दात बघावेत, खूर बघावेत, जनावर चालवून बघावं, बसवून बघावं, आणि विकणारा ज्या बाजूला उभा राहतो त्याच्या उलट्या बाजूनं आधी बघावं. मला राग लवकर येतो हे सगळा बाजार जाणतो. पण मी जनावराची खोड लपवत नाही, हेही बाजार जाणत होता. जाणत होता, असं आता लिहावं लागतं.

आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. दसऱ्यानंतर आमची निम्मी घरं ऊसतोडीला जातात, कोणी माजलगावकडे, कोणी पार कर्नाटकात. मग रविवारच्या भक्तीला म्हातारी माणसं उरतात आणि आमच्यासारखे गावातच धंदा करणारे. पंच म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारा. हा पंच नोकरीतून निवृत्त झालेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालणारा, हळू बोलणारा माणूस. प्रभुभोजनाच्या रविवारी येशूच्या आठवणीनं वाटायच्या भाकरीचं ताट घेऊन रांगेरांगेनं तोच फिरतो.

थंडीत त्यानं निरोप धाडला, म्हैस काढायची आहे. मी गेलो. म्हैस देखणी, काळीभोर, दिवस भरत आलेले. गोठ्यात ती उभी होती आणि तिच्या मागच्या पायांखाली मुरूम टाकून जागा उंच केलेली होती. दुसऱ्या कुणाचा गोठा असता तर मी तिथंच कंबरेवर हात ठेवून विचारलं असतं, की बाबा, मागची बाजू उंच कावून केली? जी म्हैस बसली की अंग बाहेर टाकते, तिलाच असं उंचावर बांधतात. हे मला माहीत नाही असं नाही. पण घर पंचाचं. मी मनाशी म्हटलं, मूत वाहून जावं म्हणून केलं असेल.

"खोड?" मी विचारलं.

"भाऊ, तुमच्याशी खोटं बोलून मी रविवारी कुठल्या तोंडानं उभा राहू?" तो म्हणाला. "निर्दोष हाय."

मी तिला बसवून बघणार होतो. तेवढ्यात त्याच्या बायकोनं चहा आणला, आणि चहा ठेवल्याबरोबर पंचानं डोळे मिटले. आमच्यात ही रीत आहे. घर बांधायचं, लग्न ठरवायचं, जनावर घ्यायचं, तर व्यवहारावर प्रार्थना करायची. त्यानं म्हशीसाठी, माझ्या धंद्यासाठी, माझ्या लेकरांसाठी लांबलचक प्रार्थना केली. शेवटी मीही आमेन म्हणालो. आता आमेन म्हटल्यावर जनावर बसवून दाखवा असं कोण म्हणेल? बाजारातल्या कसायालाही जे जमलं नसतं, ते त्यानं डोळे मिटून केलं. मी म्हैस टेम्पोत चढवली.

माझ्या गोठ्यात ती दुपारपर्यंत उभीच होती, आणि त्याच दुपारी लिंबागणेशची मावशी आली. विधवा बाई, आमच्या मंडळीबाहेरची, एकटी शेत करणारी, माझी जुनी गिऱ्हाईक. तिला डेअरीला दूध घालायला म्हैस हवी होती. तिनं विचारलं, "दादा, चांगली हाय ना?" मी म्हणालो, "मावशी, आमच्या पंचाच्या घरची हाय." तिनं पुढं एक शब्द विचारला नाही. माझ्याकडून जनावर घेताना ती कधीच विचारत नसे.

व्यायच्या आधीच म्हशीनं अंग बाहेर टाकलं. मावशी शेतात होती. परत येईपर्यंत गोठ्यात माती, रक्त, कुत्री. गुरांचा डॉक्टर आला, त्यानं हात लावून पाहिलं आणि म्हणाला, ही आजची गोष्ट नाही, ही जुनी खोड आहे. वासरू मेलेलं निघालं आणि दोन दिवसांनी म्हैसही गेली. मी मावशीचे पैसे परत केले. तो विषय तिथं संपला आणि या लिहिण्याशी त्याचा संबंध नाही. ती पैसे घेताना माझ्याकडं न बघता एवढंच म्हणाली, "तुमी आमचे न्हवता, तरी तुमच्यावरच भरोसा ठेवलता."

पुढच्या बाजारी मी दावण मांडली तर शेजारचा व्यापारी मोठ्यानं ओरडला, "काय बे, आज कुणाचं नाव घेऊन इकणार हाईस?" सगळे हसले. ते हसणं मी सहन केलं असतं. पण ज्यांनी वर्षानुवर्षं माझ्या शब्दावर दावं हातात घेतलं, ते आता म्हणायला लागले, "जनावर रातभर आमच्याकडं राहू द्या, मग बोलू." मला ऐकू जाईल असं लोक बोलायचे, की येशूवाल्यांचं असंच असतं, बोलणं गोड.

मी पंचाकडे गेलो. तो म्हणाला, "माझ्याकडं होती तवा तिला काहीच न्हवतं. तुमच्या टेम्पोत धक्के बसले असतील." इतक्या शांतपणे म्हणाला की घरी येऊन मी टेम्पोच्या फळ्या तपासल्या. मी, ज्यानं जन्मभर जनावरं तपासली, तो फळ्या तपासत बसलो.

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परतली, मंडळी भरली, आणि दरसालच्या संजीवन सभा लागल्या, विश्वास पुन्हा जागा करायच्या. मांडव, मोठे कर्णे, आणि बाहेरून आलेला उपदेशक. त्याचा आवाज वर चढायच्या वेळेलाच मागचा पेटीवाला सूर कसा लावतो, ते मी पहिल्या संध्याकाळपासून बघत होतो. माझा धंदाच तो आहे. गिऱ्हाईक कधी पघळतं ते मला कळतं.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की सगळं खोटं नव्हतं. माझी बायको आणि तिची थोरली जाऊ यांचं कित्येक वर्षांपासून बोलणं बंद होतं. दुसऱ्या सकाळी बायको चूलही न पेटवता जावेच्या दारात जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला सांगितलं नाही. दोघी आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते आणि दोघी मलाच हसत होत्या. उपदेशकाबद्दलचा माझा संशय त्या दिवशी थोडा कमी झाला.

तिसऱ्या संध्याकाळी साक्ष देण्याची वेळ आली. उपदेशकानं बजावलं, "पाप कबूल करा, पण कुणाचं नाव घेऊ नका. देवाला नावं ठाऊक आहेत." पंच उठला. माइक हातात धरून रडायला लागला. म्हणाला, "माझ्या घरी एक जनावर होतं. पहिल्या वेतालाच त्याचा दोष मला कळलाता. ते मी झाकलं आणि एका भावाला फसवलं. आज प्रभूनं मला मोकळं केलं."

मांडवात हालेलुयाचा गजर झाला. उपदेशकानं त्याला मिठी मारली. बाया डोळे पुसत होत्या. मी रांगेत बसलो होतो. तो एक भाऊ मी होतो, आणि त्याला मिठी मारायला जी रांग लागली तीत कुणीही वळून विचारलं नाही, कोण तो भाऊ? पंचानंही माझ्याकडे पाहिलं नाही. मांडवातून बाहेर पडताना माणसं म्हणत होती, केवढं मन लागतं असं बोलायला!

मला मात्र वेगळेच प्रश्न पडले. आताच कावून? सभेनंतर मंडळीची निवडणूक होती. डॉक्टरानं जुनी खोड म्हटल्याचं गावात पसरत चाललं होतं. आपण होऊन बोललं की सापडल्याचा डाग लागत नाही. अन् झालंही तसंच. निवडणुकीत तो पुन्हा निवडून आला, वर लोक म्हणाले, नम्र माणूस आहे.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. ज्याच्याशी वितुष्ट आहे त्याच्याशी समेट केल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, ही आमची शिस्त. भक्तीच्या आधी आमच्या पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मला बाजूला घेतलं. तरुण माणूस, स्वभावानं वाईट नाही.

"भाऊ, पंचांनी कबूल केलंय. तुम्ही माफ केलं का?"

"माझ्याकडं माफी मागितली कुणी?"

"त्यांनी सगळ्या मंडळीसमोर मागितली."

"मंडळीला म्हैस इकली होती का त्यांनी?"

पाळक म्हणाले, "तुमच्या मनात कडवटपणा आहे. तो आहे तोवर तुम्ही भोजन न घेतलेलं बरं."

म्हणून मी बसून राहिलो. पंच ताट घेऊन आला. आमच्या रांगेत माझ्या बायकोला दिलं, माझ्या पुढून ताट उचलून पलीकडच्या माणसासमोर धरलं. माझ्या डोळ्यांसमोरून ते ताट त्याच्याच हातात गेलं. मी उभा राहिलो. राग आला की माझा आवाज माझ्या ताब्यात राहत नाही.

"कुणाला फसवलं ते नाव घेऊन सांगा!" मी ओरडलो.

ताट हललं. लेकरं घाबरली. कोणीतरी म्हणालं, "बसा वो, भक्ती चाललीय." कोणी म्हणालं, "सैतान आत शिरलाय." म्हैस विकताना सैतान कोणाच्या गोठ्यात होता ते कुणी विचारलं नाही. बायकोनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं.

भक्तीनंतर पंच दाराशी माझ्याजवळ आला. या वेळी रडत नव्हता. "भाऊ, मी देवापुढं रडलो. तुमचं अजून काय राहिलं?"

"लिंबागणेशला चला. त्या मावशीच्या अंगणात हेच बोला. आन् मग बाजारात."

तो खरंच चकित झाला. "ते बाहेरचे लोक हायेत. त्यांच्यापुढं मंडळीची बदनामी कावून करायची? घरातलं घरात मिटलं."

"बदनामी कवाच झाली. माझ्या तोंडावर झाली."

"तुमी धंदेवाले," तो हसून म्हणाला, "तुमाला सवय असते."

मी हात उचलला नाही, एवढंच. बायको मधे उभी होती.

घरी येताना ती म्हणाली, "आवो, तुमाला तुमची अब्रू धुऊन पाहिजे. त्या मावशीची म्हैस गेली, वासरू गेलं, ते एकदा तरी बोललात का?"

"पैसे दिले ना."

"मी पैशाचं न्हाई इचारलं. जा तिच्याकडं. पंच येऊ न्हाई तर न येऊ."

मी गेलो. मावशीनं ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, मुरूम, प्रार्थना, साक्ष, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. गोठा मोकळा होता, दावं खुंटीला अडकवलेलं. ती म्हणाली, "दादा, तुमचं खरं असंल. पण इकणारा नेहमी म्हणतो, मला आधीच्या मालकानं फसवलं. मी कुणाचं खरं मानू? ज्यानं केलं त्यानं यावं. त्याला मी काय खाणार न्हाई. च्या करीन."

म्हशीचा दोष माझ्या तोंडून पटत नाही, पंचाच्याच तोंडून पटेल. आणि तो तोंड उघडतो फक्त तिथं, जिथं त्याला मिठी मिळते. संजीवन आलं असेल तर ते मांडवाच्या कनातीपर्यंतच कसं थांबलं? माझी बायको चूल न पेटवता जावेच्या दारात गेली, तिथं पेटी वाजत नव्हती, हालेलुया म्हणायला कुणी नव्हतं. ते मी मानतो. हे मांडवातलं मानत नाही.

पाळकसाहेब, तुम्ही मला भोजनापासून दूर ठेवलंत, ते मी सोसतो. पण शिस्त सगळ्यांना एक असेल तर त्याच शिस्तीनं पंचालाही विचारा, की लिंबागणेशच्या त्या बाईशी तुमचा समेट झाला का? ती बाहेरची आहे, असं उत्तर आलं तर तुम्ही ते उपदेशाच्या पुलपिटावरून सगळ्यांना वाचून दाखवा, म्हणजे आमच्या माफीला किती कुंपण आहे ते मंडळीला कळेल. आणि पंच, तुम्हाला मी एवढंच विचारतो. टेम्पो माझ्या दारात उभा आहे, लिंबागणेशचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे, बाई चहा करणार म्हणते. तुम्ही कधी येता?