भरावावरचं पाणी

जिथे आता मुरमाचं मैदान आहे तिथे खाडी होती, आणि खाडीवर गावाचा धक्का होता. एवढं एकच वाक्य आम्हाला सरकारी कागदावर यायला हवं होतं. भराव टाकून इमारती बांधणाऱ्या कंपनीच्या नकाशात ती जागा ‘पडीक’ लिहिली होती. पडीक म्हणजे कोणाची नाही आणि कोणाचं नुकसान नाही. जनसुनावणीत तोच नकाशा मंजूर झाला, तर तिथे होड्या लावणाऱ्या कोळ्यांना कोणी काही देणं लागणार नव्हतं.

मी पत्रकं लिहिणारी. पनवेलच्या एसटी स्टँडवर उभी राहून वाटायची आणि लोकांनी त्यात भजी गुंडाळलेली बघायची, याची मला सवय आहे. या वेळी म्हटलं, वाचायला नको, बघायला लावू. शाळेतला एक मित्र रोडपालीत भाड्याच्या खोलीत राहतो आणि बिल्डरांच्या जाहिरातींसाठी कॉम्प्युटरवर इमारती उभ्या करतो. बांधकाम पायापर्यंतही आलेलं नसतं, तेव्हा हा त्यात स्विमिंग पूल, नारळाची झाडं, सायकलवरचं गोंडस पोर घालून मोकळा.

मी त्याला म्हटलं, “त्यांच्यासाठी तळी काढतोस, आमच्यासाठी एक खाडी काढ.”

“तळं सोपं असतं गं. ते कुठे खरं दिसायला हवं असतं?”

पण त्याने केलं. फिल्म छोटी, खर्च जवळजवळ शून्य, कॅमेरा म्हणजे माझा फोन. धक्क्यावर जिची होडी लागायची ती मावशी भरावावर उभी राहून हाताने दाखवते: इथे पाणी, इथे जाळी वाळायची, इथे माझी होडी. मित्राने मुरमात लाल टेपचे तुकडे चिकटवले होते, म्हणजे कॅमेरा हलला तरी नंतर घातलेलं पाणी जागेवर राहील.

मावशीने विचारलं, “ह्ये काय, जमीन मोजताव का?”

“नाही मावशी, पाणी कुठे भरायचं त्याच्या खुणा आहेत.”

“भरा बाबा. त्यांनी माती भरली, तुमी पानी भरा.”

पाणी आम्ही दुसऱ्या एका खाडीच्या पुलावरून भरतीच्या वेळी शूट केलं. मग मित्र बसला. पाणी मावशीच्या मागे दिसायला हवं, तर आधी मावशी प्रत्येक फ्रेममध्ये कडेकडेने कापून वेगळी करायला हवी. वाऱ्यावर उडणारा तिचा पदर त्याने केसाएवढ्या नेमकेपणाने कापला. लॅपटॉप तापायचा म्हणून खाली स्टीलचं ताट, वर टेबलफॅन. लाइट गेली की अर्धवट झालेलं रेंडर, म्हणजे सगळे तुकडे जोडून पक्कं चित्र करणं, पुन्हा पहिल्यापासून.

होडीचा एकच फोटो होता, नारळी पौर्णिमेचा. पताका लावलेल्या होडीत मावशीचे वारलेले यजमान छाती काढून उभे. मागे फक्त मांडवाचं कापड, खाडी दिसतच नाही, त्यामुळे पुरावा म्हणून फोटोचा उपयोग शून्य. मित्राने यजमान पुसले, त्यांच्यामागच्या फळ्या रंगवून भरल्या आणि होडी पाण्यावर सोडली. मग फिल्म मावशीला दाखवली.

ती बघत राहिली. मग म्हणाली, “नवऱ्याला काढलास व्हय? बरा केलास. जल्मभर होरीत नुसता उभाच रायचा.”

आणि हसली. मग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. होडी हलली की तीही बसल्या जागी थोडी हलायची.

या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी ठेवून इंटरनेटवर टाकायचं: मधली रेघ सरकते, डावीकडे उघडी जागा, उजवीकडे केलेली कमाल. पुढचं काम त्यावरच मिळतं. मित्राने रिवाजाप्रमाणे टाकलं. रेघेच्या एका बाजूला मुरूम, दुसऱ्या बाजूला खाडी. खाली लिहिलं, ‘शून्यातून पाणी.’ त्याला मी दोष देत नाही. गवंडीही बांधलेली भिंत लोकांना दाखवतोच.

सुनावणीत आमची फिल्म लागली. मग कंपनीच्या वकिलाने स्वतःचा फोन उंच धरला आणि ती रेघ सगळ्यांसमोर इकडून तिकडे सरकवली. मुरूम, पाणी. मुरूम, पाणी. मागच्या बाकांवर हशा.

अधिकारी म्हणाले, “म्हणजे हे पाणी काल्पनिक आहे?”

“पाणी कॉम्प्युटरचं आहे, साहेब. धक्का खरा होता.”

“मग खरं आहे ते दाखवा ना.”

खरं मुरमाखाली आहे! डंपर लावून पुरावा गाडायचा आणि वर विचारायचं, पुरावा कुठे आहे. त्याच कंपनीच्या होर्डिंगवर निळं तळं आहे, त्यात बदकं आहेत. ती बदकं खरी आहेत का, हे एकाही अधिकाऱ्याने आजवर विचारलेलं नाही. मी हे ओरडून बोलले. मला खाली बसवलं. बाहेर गावातलीच दोन माणसं म्हणाली, “पोरी, खरा होता तो धक्का बी खोटा करून टाकलास.”

आठवड्याची मुदत मिळाली: कॉम्प्युटरचं सगळं काढून फिल्म पुन्हा जमा करा. मित्राने पडद्यावर नंतर घातलेला एकेक थर बंद केला. इतकी मेहनत करून घातलेलं पाणी क्षणात गेलं. मावशीच्या संमतीशिवाय द्यायची नाही म्हणून आम्ही तिच्या ओट्यावर गेलो.

तिने पाहिलं. मुरमावर उभी राहून ती रिकाम्या जागेकडे हात करत होती.

“माझी होरी कुठं हाय?”

“काढावी लागली, मावशी. ते म्हणतात खोटी आहे.”

“खोटी?”

मी समजावत राहिले: पुरावा, नियम, शेवटची संधी. पत्रकात लिहिते तसंच सगळं मुद्देसूद. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“यात मी येड्यासारकी दिसताव,” ती म्हणाली. “मातीला बोट दाखवताव. गाव हसंल. होरी नाय तर मना पन काढ.”

“मावशी, तुम्हीच नसलात तर उरतं काय?”

“त्ये मना नको सांगू. काढ.”

ती आत गेली. मित्र लॅपटॉप उघडा ठेवून तसाच बसला होता. मी म्हटलं, निदान बघू तरी, तिला काढून नुसत्या आवाजावर भागतंय का.

“बघायला काही नाही,” तो म्हणाला. “तिला काढायचं म्हणजे ती उभी आहे तिथे माती भरायची. फ्रेमगणिक. मी नाही भरणार.”

मुदत संपली. आम्ही फिल्म दिली नाही.