कोपरा कापलेला पासपोर्ट

सर्जेराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुवेतमधल्या रुमैथिया भागातल्या माझ्या घरी चहा पीत होतो. शहराबाहेर अम्गऱ्याच्या ज्या भंगारयार्डात ते स्टोअरकीपर होते, तिथला माणूस म्हणाला, "भाई, दादा नींद में ही चले गए." मी "अच्छा" म्हणालो आणि उरलेला चहा संपवला. मग तीन दिवस कागदांसाठी फिरलो, शवपेटी विमानात चढली, तरी रडू आलं नाही. आता दीड महिना झाला... दाढ काढल्यावर गाल बधिर असतो ना, तसं आहे सगळं.

सर्जेराव कोल्हापूरचे. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून लेफ्ट विंगला खेळायचे. तिथं गोल केला की माणूस खांद्यावर, चुकला की आठ दिवस गल्लीतून जायची सोय नाही. कौतुक उदंड, पगार कुठला! नव्वदच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका एजंटानं त्यांना कुवेतच्या क्लबात आणलं. पेठेतला पहिला पगारी खेळाडू, म्हणून गुलाल उधळून पाठवणी झाली. पहिली मॅच सप्टेंबरात होती, आणि ऑगस्टात इराकी रणगाडे आले. करार क्लबाच्या कपाटात राहिला. हे मिळेल त्या बसनं इराक ओलांडून, जॉर्डनला तंबूत दिवस काढून, अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचले.

पण पेठ ती पेठ! "आले बघा पगारी खेळाडू!" मग कुणीतरी पुडी सोडली, कसला क्लब न् कसलं काय, हा गोदामात खोकी उचलायला गेला होता. हातात करार नाही, तोंड बंद कुणाचं करणार? ते पुन्हा मैदानात उतरलेच नाहीत. काही वर्षांनी कुवेतला परतले, तर क्लबातलं ओळखीचं कुणी सापडलं नाही. मग खरोखरच स्टोअरकीपर झाले.

मला ते भेटले शुक्रवारच्या, इथल्या सुट्टीच्या दिवशीच्या खेळात. आम्ही चाळिशीतले आयटीवाले पोटं सांभाळत धावायचो आणि हे रेषेवरून ओरडायचे, "बॉलमागं पळू नगा, बॉलला पळवा की!" एकदा म्हटलं, "दादा, या ना आत." तर म्हणाले, "मी कुठला खेळाडू, भावा? स्टोअरकीपर माणूस." पेठेचं बोलणं त्यांनी स्वतःच उचललं होतं.

एकदाच, पाचसहा वर्षांपूर्वी, त्यांनी पिशवीतून नव्वद सालचा पासपोर्ट काढला. रद्द झालेला, कोपरा कापलेला. इकाम्याच्या, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याच्या शिक्क्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्या अरबीत माझा धंदा काय लिवलाय, बघ की जरा." इतकी वर्षं इथं राहून मला अरबी आकड्यांपलीकडे वाचता येत नाही. आणि इथल्या कागदावरच्या धंद्याची गंमत सगळ्यांनाच ठाऊक, माणूस इंजिनियर असतो आणि कागदावर ड्रायव्हर. मी हसून म्हटलं, "मेंढपाळ लिहिलं असेल हो, एजंटाचा व्हिसा तो!" तेही हसले. "असंल, असंल," म्हणत पासपोर्ट पिशवीत गेला. पुन्हा त्यांनी तो काढला नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची खोली रिकामी केली, तेव्हा पासपोर्ट हाती लागला. ऑफिसात सरकारी कागदांची कामं बघणारा मंदूब आहे, म्हातारा मिसरी, इजिप्तचा, त्याच्यापुढे ठेवला. चष्मा चढवून त्यानं वाचलं, "लाइब कुरा." मग माझ्याकडे बघून, "फुटबॉल प्लेयर." मी पुन्हा वाचायला लावलं. तो वैतागला, शंभरदा वाचलं तरी तेच आहे म्हणाला.

हा मंदूब तेव्हाही याच टेबलाशी बसायचा. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी विनोद केला. पेटीबरोबर गेलेल्या कागदावर 'स्टोअरकीपर' हेही मीच लिहून दिलं. पेठेत तेच पोचलं.

त्यांच्या भावाला फोटो पाठवायचाय. रोज ठरवतो... पासपोर्ट माझ्या खणात आहे. संध्याकाळी काढतो आणि उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचतो. अरबीतले तेवढे दोन शब्द मला आता वाचता येतात.