माती लोटायची नाही

गफूरभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माळावर उभा होतो आणि त्यांच्या वाट्याच्या वाळलेल्या गवताकडे बघत मनातल्या मनात जळत होतो. खोटं कशाला बोलू? बहुतेक सकाळी मी तेच करायचो. मुखेडच्या कब्रस्तानात पोचलो तोवर गर्दी झाली होती. तिथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकजण तीन ओंजळी माती देतो. माझी पाळी आली आणि हात थबकला... ज्या माणसानं पंधरा वर्षं मला बियांवर माती ओढताना अडवलं, त्याच्यावरच माती घालायची! घातली. पहिल्यांदाच त्यांनी अडवलं नाही.

गफूरभाई बाजारात गाद्या भरायचे आणि मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो. गावाबाहेर माझा दोन एकर माळ आहे, नुसता मुरूम. वडिलांच्या वेळी तिथं पवना आणि मारवेल गुडघ्याला लागायचं, पुढं चरून चरून काही उरलं नाही. ते गवत बियांपासून परत आणायचं हे खूळ मूळचं माझं, हे इथं लिहून ठेवतो. एकदा सहज गफूरभाईंना बी दाखवायला नेलं, तिथंच फसलो. मारवेलच्या बियांना बारीक लव असते. त्यांनी चिमूटभर घेऊन बोटांत चोळलं, फुंकर मारली आणि म्हणाले, "सर, ह्यातलं निम्मं पोकळ हाय. दाणाच न्हाई." मी भिंग लावून बघितलं. खरंच निम्मं पोकळ होतं. जन्मभर कापूस पिंजलेली बोटं ती, त्यांना भिंग कशाला लागतंय!

त्यानंतर ते माळावर येऊ लागले. मी कौतुकानं त्यांना एक तुकडा दिला. माझं बी उगवायचं नाही, त्यांचं उगवायचं. मी शेतकऱ्याचा मुलगा. पेरणी म्हणजे ओळ पाडायची, बी सोडायचं आणि वरून माती ओढायची, हे हाताला न शिकवता येतं. शिवाय मला दम नाही, दिवाळीत गोळा केलेलं बी थंडीतच पाणी देऊन पेरून मोकळा व्हायचो. गफूरभाई तेच बी गादीच्या उरलेल्या कापडाच्या लहान लहान उश्या शिवून त्यात भरायचे आणि मृगापर्यंत दुकानात टांगून ठेवायचे. मग ओल्या वाळूत कालवून नुसतं फेकायचे आणि अनवाणी त्यावरून चालायचे. "बी झोपलेलं हाय, सर. त्याची झोप पुरी होऊ द्या. आन झोपलेल्याच्या तोंडावर माती लोटू नका." एक गादीवाला मला, बीएस्सी झालेल्याला, सुप्तावस्था शिकवून राहिला होता! वर्गात मी ती दर वर्षी शिकवायचो, पण हात काही ऐकायचा नाही.

एका वर्षी तर त्यांनी कहर केला. तळ्याकाठच्या लव्हाळ्यासारख्या एका गवताचं धुळीएवढं बारीक बी आणून परातीतल्या चिखलावर भुरभुरलं, आणि परात उन्हात ठेवून चिखल महिनाभर ओला राखला. बाजारातली माणसं हसली. "लव्हाळा उपटता उपटता आमच्या बापाची कंबर गेली, आन भाई, तुम्ही पेरून राहिले?" भाई शांतपणे म्हणाले, "तो न्हाई. हा त्याचा चुलतभाऊ. गरीब हाय." महिना भरता भरता परात हिरवीगार. माझी बायको मुद्दाम बघून आली आणि जेवायला वाढताना म्हणाली, "भाईच्या हाताला लई गुण हाय." मला ती भाकरी गोड लागली नाही. पुढं कृषी महाविद्यालयाची माणसं माळ बघायला आली. गवतांची नावं मी सांगितली आणि फोटो गफूरभाईंचे निघाले.

पण एक वर्ष माझं होतं. त्या मृगात मी हट्टानं ओळी पाडल्या आणि बी पेरून बोटभर माती लोटली. गफूरभाई बांधावरून अडवत राहिले, मी ऐकलं नाही. आणि महिन्याभरात पवना उगवला! मी त्यांचा हात धरून ओढत नेलं. म्हणालो, "बघा! माती लोटूनही आलं की नाही?" त्यांनी वाकून पात्यावरून बोट फिरवलं. "मानलं, सर, तुम्हाला." हे मी पुढं कुणाकुणाला सांगितलं नाही! माझ्या निरोप समारंभातही सांगितलं.

त्यांच्या चाळिसाव्याला घरी गेलो, तिथंही सांगितलं. शबाना, त्यांची मुलगी, माझीच विद्यार्थिनी, पाणी घेऊन उभी होती. मी निघालो तशी ती दारापर्यंत आली.

"सर, राग मानू नका. एक सांगू का?"

"बोल की."

"त्या साली तुम्ही शाळेत असताना अब्बा दुपारचे माळावर गेलते. मी संगं होते. तुमच्या ओळींवर त्यांनी आपलं बी फेकलं, आन आम्ही दोघं त्याच्यावरून चाललो. घरी सांगायचं न्हाई म्हणाले. सरांचं मन लई लहान झालंय म्हणाले."

मी चप्पल घालत होतो, तसाच वाकून राहिलो... आधी संतापच आला. माणसानं माझं एकुलतं एक यशही आपल्याकडं ठेवून घेतलं! रडू नंतर आलं, घरी आल्यावर. तिनं एक लहानशी उशी हातात दिली होती. गेल्या दिवाळीचं बी, माझ्यासाठी बाजूला काढलेलं.

यंदा मृगात मी ती उशी उसवली. बी ओल्या वाळूत कालवलं, फेकलं, चपला काढून त्यावरून चाललो. माती लोटली नाही. फक्त मूठभर मागं ठेवलं होतं. बांधाजवळ एक ओळ पाडून ते माझ्या जुन्या पद्धतीनं पेरलं आणि वर बोटभर माती ओढली. मग दोन दिवस, कुणी गुपचूप येऊन जाईल म्हणून, माळाकडं मुद्दाम फिरकलो नाही.

आता महिना होऊन गेला. सगळ्या माळावर पवना बोटबोट वर आलाय. रिकामी उशी खिशात घेऊन मी रोज सकाळी जातो आणि आधी बांधाकडं बघतो. ती एक ओळ अजून कोरी आहे.