जानकूमामाच्या पायातला बैल

पिंपरी पेंढारमध्ये कुणालाही विचारा, जानकूमामाच्या उजव्या पायात बैल शिरलाय असंच सांगतील. चांगदेवअण्णांचा फाकड्या. तो गाड्यांच्या शर्यतीच्या चढावर, घाटात, मेला त्याच दिवशी मामा पडला, आणि तेव्हापासून मामा ओट्यावर बसला की पाय आपोआप लाथा झाडतो. थडथडथडथड. शेजारची सारजाबाई तर त्या पायापुढं मूठभर पेंड ठेवून जाते.

हे खोटं आहे. फाकड्या पायात शिरला नाही, मानेवर पडला.

अठ्ठ्याण्णव सालची यात्रा. तेव्हा गाडा जुंपावा तर मामानंच. उधळायला टपलेल्या बैलांच्या पुढ्यात जू छातीशी धरून तो उभा राहायचा. त्या दिवशी गाडा सोडायचा झेंडा पडायच्या आधीच बैल सुटले. मामानं जू सोडलं नाही. फाकड्याच्या शिंगानं त्याची बरगडी उसवली, गाड्यानं त्याला फरफटत नेलं, दगडावर आपटून फाकड्याचा पाय काडकन मोडला आणि अख्खा बैल मामाच्या मानेवर कोसळला. माती लाल झाली. त्यात बैलाचं रक्त कुठलं आणि माणसाचं कुठलं, कुणाला कळेना. बैल तिथंच संपला. मामा काही महिन्यांनी काठी टेकत घरी आला, तो हा पाय घेऊन.

पायाला नाव दिलं रिंकूताईनं. औषधाच्या दुकानवाल्या खेमचंदशेठची ही मुलगी पुण्यात डॉक्टरकी शिकते आणि थोडी नाकात बोलते. (मी तिचा आवाज फार छान काढतो.) क्लोनस, ती म्हणाली. 'क्लो' लांब आणि ठासून, 'नस' हलकं. मानेतल्या मज्जारज्जूला मार बसला की मेंदूचा लगाम ढिला पडतो. मग चवडा दाबला, पोटरी ताणली, की ती आवळते, सुटते, पुन्हा आवळते, अगदी तालात. शब्द जुन्या ग्रीक भाषेतला, तिथं अर्थ रणातली धुमश्चक्री.

मामा खूश. "मंग बराबर हाय. लढाईच व्हती ती."

गावाला मात्र बैलच आवडला होता. मामाला एकदा, फक्त एकदा, पुन्हा जू धरायचं होतं, आणि अण्णा त्याला बैलांजवळ फिरकू देईनात. मेलेला बैल जित्यांना बिथरवील म्हणायचे.

परवाच्या यात्रेत घाटाखाली सगळ्यांदेखत मी म्हणालो की बैलबिल काही नाही आणि क्लोनसही नाही, सोंग आहे, असला पाय मीही हलवतो. मी गाडा सुटला की भोंग्यावर "झाली, झाली" ओरडणाऱ्या निवेदकाला, अण्णांना, रेड्यालासुद्धा हुबेहूब उतरवतो, पाय तो काय.

मामानं काठी बाजूला ठेवली. "लाव पैज. ज्याचा पाय आदी थांबंल त्यो हरला. तू जिकलास तर म्या घाटात पाऊल टाकनार न्हाई. हरलास तर भोंग्यावर जाऊन खरं काय ते सांगायचं. दुसऱ्या कुनाचा आवाज काढायचा न्हाई."

दोघं दगडावर बसलो, चवडे टेकले. सुरुवात माझी झकास झाली, लोक शिट्ट्या मारत होते. मग पोटरी पेटली. ताल तुटला. आणि आतून कुणी सुरा फिरवावा तसा गोळा आला, मी मातीत लोळत पोटरी बुक्क्यांनी बडवू लागलो. मामाचा पाय चालूच होता. थडथडथडथड. वर तो तंबाखू मळत होता.

तंबाखू दाढेत गेल्यावर त्यानं गुडघा दाबून टाच जमिनीला टेकवली. पाय गप्प. टाच उचलली, पाय सुरू.

"अण्णा, बैलाला असलं बटन असतंय का?"

अण्णांनी वाकून ती टाच पाहिली. मग म्हणाले, "टाच टेकवून हुबा ऱ्हाशील?"

"ऱ्हाईन की."

मी लंगडत भोंग्यापाशी गेलो आणि सगळं सांगितलं, 'क्लो' ठासून, माझ्याच चिरक्या आवाजात. खाली मामा टाच रोवून उभा होता, जू छातीशी, आणि एक शिंग त्याच्या त्याच बरगडीपाशी झुलत होतं. झेंडा पडला. मामानं जू सोडलं, बैल वर सुसाट सुटले. निवेदकाच्या आवाजातलं "झाली, झाली" माझ्या जिभेवर येऊन थांबलं होतं. गिळलं. पैज हरलो होतो ना.