बाबांनी राखलेला खोकला

दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की आमच्या कॉलनीत फळीवरची भांडी खाली यायची. आई ती उचलून पुन्हा लावायची, उद्या परत पडणार हे माहीत असून. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात खाणकामगाराचं एका खोलीचं क्वार्टर म्हणजे काय, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. दोरीवरच्या कपड्यांवर काळी भुकटी, माठाच्या तळाशी काळा गाळ. बाबा आजारी पडले की हजेरी बुडायची, आणि मग आई एका वेळचं जेवायची नाही. भूक नाही म्हणायची. का नाही, हे आम्हा दोघा भावंडांना ठाऊक होतं. आम्ही विचारत नव्हतो.

त्या घरातून मी इंजिनिअर झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पुढे परदेशात, हॅमिल्टनला मास्टर्स केलं आणि तिथेच एका स्टीलच्या कारखान्यात, लॅबमध्ये लागले. आई तोवर गेली होती. धाकटा भाऊ बारावी झालेला. त्याला इकडे आणायचं आणि शिकवायचं, हे मी पक्कं केलं होतं.

बाबांच्या मनात दुसरंच होतं. रिटायर व्हायच्या आत मेडिकल बोर्डानं कामगाराला अनफिट ठरवलं, तर त्याची नोकरी मुलाला मिळायची. कॉलनीतली निम्मी पोरं तशीच खाणीत लागलेली.

बाबा रजा काढून माझ्याकडे आले ते ऐन थंडीत. जिना चढताना मध्येच खोकत थांबायचे, भिंतीला हात लावून. मी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. डॉक्टरनं छाती तपासून तोंडानं औषध ओढायचा पंप दिला, रोज घेतला तर दम लागणं कमी होईल म्हणाला.

"बाबा, पंप घेतला का?"

"घेतो ना माय."

आठवड्यानं पाहिलं तर डब्याचं सीलही तुटलेलं नव्हतं.

त्या रविवारी दारासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून आत आले आणि लायब्ररीतून आणलेला एक जुना काळा-पांढरा सिनेमा लावला. वेल्समधल्या खाणकामगारांच्या घरातली गोष्ट होती. बाबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी अधूनमधून सांगत होते. पण त्यांना माझी फारशी गरज पडली नाही. काळी तोंडं घेऊन माणसं खाणीतून बाहेर पडली तसे बाबा हसले. "गोऱ्याइले बी कोळशानं सोडलं नाही बाप्पा!"

मग त्या घरातली मोठी मुलं एकेक करून परदेशी गेली. शाळेत हुशार निघालेला धाकटा म्हणाला, मी खाणीतच जाणार. मी सिनेमा थांबवला. मला वाटलं, आता तरी बाबांना दिसेल.

"पोट्टा शाना हाय," बाबा म्हणाले.

"बाबा, त्याच्या बापाचं तोंड बघा ना!"

"पाह्यलं. वाईट वाटनच. पन घरातली नोकरी तं नाही गेली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणून पंप घेत नाही तुम्ही?"

"बरा झालो तं बोर्ड मले अनफिट कसा करन?" त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

"अहो, पण मी त्याला इकडे आणतेय!"

"तू आली. आता तू घरी कवा येते? त्यालेही नेशीन तं मले पानी कोन पाजन?"

मी भावाला फोन लावला.

"तुला खाणीत खाली जायचंय का?"

"खाली जायले कोणाले आवडते, ताई?" तो हसला. "पण परमनंट आहे ना. आणि बाबांना सोडून कुठं येऊ मी?"

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला. शेवटी खाणीत अपघात होतो आणि बाप जातो. टीव्ही बंद केल्यावर म्हणाले, "चहा मांड."

जायच्या दिवशी मी पंप त्यांच्या बॅगेत, स्वेटरच्या घडीत ठेवला. विमानतळावरून परत आले तर तो माझ्या उशीखाली होता. फोनवर भांडले, रडले, बोलणंही टाकलं काही दिवस. काही उपयोग झाला नाही.

पुढच्या वर्षी बोर्डानं बाबांना अनफिट ठरवलं. आता त्यांना आडवं झोपता येत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपतात. भाऊ पहिल्या पाळीला खाणीत उतरतो. बाबांची नोकरी घरातच राहिली.