दिवा गेल्याची सूचना

संध्याकाळी घाटात अण्णांच्या जुन्या आलिशान गाडीने पुन्हा सूचना दिली: मागचा ब्रेकलाइट गेला. मागे ट्रक होता. वळणावर गाडी बाजूला घेतली, मागची बाजू दरडीकडे केली आणि ब्रेक दाबला. आरशात दरड दोन्हीकडे लाल झाली. दिवा शाबूत होता. मीच हौसेने एलईडी बसवलेला. तो वीज इतकी कमी घेतो की गाडीला मेलेलाच वाटतो.

मागच्या सीटवर अण्णा, माझे वडील, झोपले होते. हल्ली जेमतेम दोन घास खातात, श्वासही कळत नाही. रोजच्यासारखा मी त्यांच्या नाकाशी हात धरला.

"आहे रे अजून," ते डोळे न उघडता म्हणाले. "चल आता."

सूचना तशीच पेटलेली होती. एक दिवस ती खरी असेल, आणि तोवर मला सवय झालेली असेल.