तपासून परत पाठवलेलं पत्र

टिळकवाडीतल्या शाळेत मी तीस-पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांनी मला इंग्रजीत पत्र लिहायचं आणि मी ते लाल शाईनं तपासून टपालानं परत पाठवायचं, असा माझ्या वर्गाचा रिवाज होता. मुलं ती पत्रं जपून ठेवायची. आजही खडेबाजारात एखादा टक्कल पडलेला विद्यार्थी दुकानातून हाक मारून सांगतो, बाई, तुमचं पत्र अजून आहे. माझा जीव सुपाएवढा होतो.

अमेरिकन स्पेलिंगचं मला पहिल्यापासून वावडं. कलरमधला यू गाळायचा, सेंटरची शेपटी उलटी करायची, हे कुणाला विचारून? सिनेमे त्यांचे, खाणं त्यांचं, आता कॉम्प्युटरही माझ्या यूखाली तांबडी रेघ ओढतो. दुकानाची पाटी देवनागरीत की कन्नड लिपीत, यावरून आमच्या सीमाभागात पिढ्या भांडल्या, तेव्हा अक्षरासाठी हटून बसणं अंगातच आहे. इंग्रजी कुठं आपली, मग एवढा जळफळाट कशाला, असं नवरा म्हणायचा. साहेबाची असेल, पण जन्मभर घासूनपुसून मीच वापरली होती.

मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला. गेल्या वर्षी त्याच्या दहा वर्षांच्या मुलीचं मला पहिलं पत्र आलं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं, दोन पानं. मी हरखले, आणि हरखले की माझा हात लाल पेनाकडं जातो. सगळे यू घातले, खाली 'छान, पण काळजीपूर्वक लिही' असा शेरा मारला आणि दुसऱ्याच दिवशी पत्र परत पाठवलं.

काही दिवसांनी मुलाचा फोन आला. त्यानं आवाज चढवला नाही.

"आई, ती तुझ्या वर्गातली न्हाय गं. सुट्टीत तुझ्याकडं येऊन राहू का, म्हणून विचारलेलं तिनं. तेवढ्याचं उत्तर तर द्यायचंस."

ते वाक्य मला आठवत होतं. त्यात मी दोन चुका काढल्या होत्या.

त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं, ये, लगेच ये. तोवर तिची सुट्टी तिकडच्या कुठल्याशा शिबिरात ठरून गेली होती. नंतर मी आणखी चार पत्रं लिहिली, कलर तिच्यासारखा, यूशिवाय. हात अडखळला, पण लिहिलं. एकाचंही उत्तर आलं नाही. तिच्या त्या वेड्यावाकड्या अक्षराची मला फार आठवण येते.

रविवारी ती फोनवर दिसते. कधी येतेस, असं मी मराठीत विचारते.

"बघू, आज्जी," ती म्हणते. इतकं स्वच्छ म्हणते, की त्यात दुरुस्त करायला काहीच नसतं.